रोजच्या वाटेवरचा शरद

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शरद अर्ध्यावर आला तरी तो आपल्याला फक्त इतरांनी काढलेल्या छायाचित्रांत दिसला, सकाळी निघताना घाई असते आणि परतताना अंधार पडलेला असतो, त्यामुळे निदान एक शनिवार-रविवार काढून शहराबाहेरच्या डोंगरांत जावे आणि तिथले रंग पाहून यावेत, असे तुझ्या मनात आहे. रंग ऐन भरात असतील अशी नेमकी तारीख तू विचारली आहेस. तारीख मी सांगणार नाही. जायचे असेल तर जरूर जा, पण साऱ्या ऋतूची भिस्त त्या दोन दिवसांवर ठेवू नकोस. ऐन वेळी पाऊस लागतो, वारा सुटतो, किंवा रंग आठवड्याने पुढे-मागे होतात, आणि मग माणूस रिकाम्या हाताने परतून वर्षभर हळहळत बसतो.

शरद म्हणजे रंगलेला डोंगर नव्हे. हिरवे झाड रंगत जाऊन उघडे पडेपर्यंतचा जो सहा-आठ आठवड्यांचा काळ असतो, तो सगळा शरद, असे माझे ठाम मत आहे. आणि बदल पाहायचा तर एकाच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. सहलीला आलेल्या माणसाला ते जमत नाही. रोज ठरावीक वेळी ठरावीक रस्त्याने जाणे-येणे भाग असलेल्या नोकरदाराला मात्र ते आपोआप साधते. ज्या चाकोरीला तू वैतागून गेल्याचे लिहितोस, ती या एका कामात तरी तुझ्या बाजूची आहे.

तेव्हा घरापासून स्टेशनपर्यंतच्या वाटेवरचे एक झाड निवड. ते देखणे असायलाच हवे असे नाही, उलट जे रोज सहज नजरेस पडेल आणि ज्याची एखादी फांदी हाताला लागेल एवढी खाली असेल, ते उत्तम. थंड प्रदेशांतल्या मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर मेपल, लिंडेन, लंडन प्लेन या झाडांपैकी काही ना काही बहुधा असतेच. नाव ठाऊक नसले तरी अडत नाही, पण आठवड्याभरात ते शोधून काढ. नाव कळले की तेच झाड शहरात आणखी वीस ठिकाणी दिसू लागते.

आता त्या झाडाकडे काय पाहायचे? दिवस लहान होऊ लागले आणि गारवा वाढला की झाड नवे हरितद्रव्य बनवणे थांबवते आणि असलेले मोडीत काढते. घर सोडणारा भाडेकरू कामाचे सामान आधी हलवतो, तसे पानांतले नत्र आणि स्फुरद ते फांद्यांत आणि खोडात ओढून घेते. हिरवा रंग ओसरला की मागे उरतो तो पिवळा. हा पिवळा, म्हणजे कॅरोटिनॉइड, उन्हाळाभर पानात असतोच, हिरव्याखाली झाकलेला. लाल रंगाची गोष्ट निराळी आहे. तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि बहुतेक झाडांत तो शरदातच, पानात अडकलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. त्यासाठी लख्ख उन्हाचे दिवस आणि गोठणबिंदूच्या वर राहणाऱ्या थंड रात्री लागतात. म्हणून एखाद्या वर्षी मेपल पेटल्यासारखा दिसतो आणि ढगाळ, उबदार वर्षी तोच मेपल फिका पडतो. म्हणूनच एकाच झाडाची उन्हाकडची बाजू लाल आणि सावलीतली पिवळी दिसते. जरा जवळ जाऊन पाहिलेस तर याहूनही बारीक गंमत सापडेल: लाल पानावर मधेच एक पिवळा डाग असतो, आणि त्याची कड नीट पाहिली की तो वरच्या दुसऱ्या पानाच्या सावलीचा आकार असल्याचे लक्षात येते.

पान गळते तेही वाऱ्याच्या लहरीवर नव्हे. देठाच्या बुडाशी झाड पेशींचा एक नाजूक थर तयार करते. तिथून पान सुटते आणि उघडी पडलेली जागा बुचासारख्या आवरणाने बंद होते. नुकतेच पान गळलेल्या डहाळीवरचा तो व्रण बोटाने चाचपून पाहा. हॉर्स चेस्टनट या झाडाचा व्रण तर हुबेहूब घोड्याच्या नालेसारखा असतो आणि त्यात खिळे ठोकल्यासारखे ठिपके दिसतात. पाणी आणि साखर वाहून नेणाऱ्या नलिका जिथे तुटल्या, तिथले ते ठिपके. व्रणाच्या लगेच वर एक घट्ट मिटलेला कोंब असतो. तो पान गळल्यावर येत नाही, उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेला असतो. पानगळीवर उदास कविता लिहिणाऱ्यांनी हा कोंब पाहिलेला नसावा, अशी मला दाट शंका आहे.

शहरात शरद नीट भेटत नाही, अशी तुझी तक्रार आहे. तो रानासारखा नसतो हे खरे. सिमेंट, डांबर आणि यंत्रे यांमुळे शहर आसपासच्या प्रदेशापेक्षा उबदार राहते आणि इथल्या झाडांना रंग बहुधा उशिरा चढतो. म्हणजे डोंगरातला बहर हुकला तरी शहरातला अजून यायचा असतो, हे आधी ध्यानात घे. शिवाय काही गोष्टी फक्त शहरातच दिसतात. पथदिव्याला खेटून असलेल्या झाडाकडे पाहा. दिव्याच्या उजेडातल्या फांद्या पुष्कळदा बाकीचे झाड पिवळे पडल्यावरही हिरव्याच राहतात, कारण रात्रभरच्या उजेडामुळे दिवस लहान झाल्याची खूण त्यांना नीट मिळत नाही. रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली काम करणाऱ्या तुला त्या फांद्यांबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही.

झाडांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, मला शरदातला प्रकाश महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. उत्तर गोलार्धात 22 किंवा 23 सप्टेंबरला आणि दक्षिण गोलार्धात 20 किंवा 21 मार्चला शरदातला विषुवदिन, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असण्याचा दिवस, येतो. त्या सुमारास सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो, त्यामुळे शहरातले जे सरळ रस्ते पूर्व-पश्चिम गेलेले असतात, त्यांच्या तोंडाशी सूर्य येऊन थांबतो आणि तिरपे ऊन टोकापासून टोकापर्यंत वाहत जाते. नकाशा उघडून असा एक रस्ता हेरून ठेव. पुढे सूर्य दिवसेंदिवस खाली उतरत जातो. 45 अंश अक्षांशावर विषुवदिनी भर माध्यान्हीही माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते आणि त्यानंतर ती लांबतच जाते. उंच इमारतींच्या रांगेत मग खालचा रस्ता दुपारीच सावलीत जातो, पण समोरच्या काचेच्या इमारतीवर आदळलेले ऊन परतून त्या सावलीत ठिकठिकाणी चौकोन टाकते. हे चौकोन सरकतात. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे अशा एका चौकोनात उभे राहणे हा मला नोकरीच्या दिवसांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू आनंद वाटत आला आहे.

जेवणाच्या सुट्टीचा उल्लेख मी मुद्दाम केला. विषुववृत्तापासून 40 ते 50 अंश दूर असलेल्या शहरांत या काळात दिवस रोज सुमारे अडीच ते चार मिनिटांनी लहान होतो, आणि जिथे शरदात घड्याळे एक तास मागे घेतात, तिथे एका रविवारनंतर संध्याकाळ एकदम तासभर अलीकडे येते. कामावरून सुटल्यावर फिरायला जाऊ, हा बेत तेव्हाच मोडतो आणि वसंतापर्यंत पुन्हा जमत नाही. म्हणून उजेडाची वेळ दिवसाच्या मधूनच काढावी लागते. दुपारची बैठक लावण्याआधी स्वतःसाठी अर्धा तास राखून ठेव, तो नोंदवहीत लिही, आणि कोणी त्यावर हक्क सांगितला तर ‘त्या वेळी मी मोकळा नाही’ एवढेच सांग. कारण देऊ नकोस.

यात नुसत्या हौसेपलीकडचेही काही आहे. कार्यालयात टेबलावर साधारण 300 ते 500 लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर बाहेर ढगाळ दुपारीही तो बहुधा हजारांत मोजावा लागतो. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, पण शरीराच्या घड्याळाला जाणवतो. शरद-हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या नैराश्याचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केले, आणि आज तो वैद्यकशास्त्राने मानलेला विकार आहे. नव्या शहरात एकट्याने राहणाऱ्या तरुणाला संध्याकाळी पाच वाजता खिडकीबाहेर काळोख पाहून थोडे उदास वाटणे साहजिक आहे. पण झोप खूप वाढली, कशातच रस वाटेनासा झाला आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर झाडाखाली जाऊन बरे वाटेल म्हणून वाट पाहू नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा. माझ्या साऱ्या उपदेशात हे एवढे वाक्य तरी गांभीर्याने घे.

छायाचित्रे काढावीत की नाही, यावर मी वाद घालणार नाही. काढायचीच असतील तर आठवड्यातून एक, त्याच झाडाचे, त्याच जागेवरून काढ. सोबतीचेही तसेच: एखादा मित्र बोलत चालणारा असेल तर त्याला उद्यानात घेऊन जा, पण तुझ्या झाडापाशी शक्यतो एकट्यानेच थांब.

रात्रीकडेही थोडे लक्ष असू दे. विषुवदिनाच्या जवळची पौर्णिमा साधली तर चंद्र सलग तीन-चार संध्याकाळी फारसा उशीर न करता, अंधार पडण्याच्या सुमारासच इमारतींमागून वर येताना दिसतो; एरवी तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. याच दिवसांत अनेक लहान पक्षी रात्रीच्या वेळी शहरावरून स्थलांतर करत असतात आणि झगमगाटाने भरकटून काचांवर आपटतात. वरच्या मजल्यावर राहतोस, तेव्हा झोपण्यापूर्वी नव्हे, तर अंधार पडताच पडदे ओढून घेत जा.

राहता राहिले गिंकोचे झाड. तुझ्या वाटेवर ते असेल तर त्याच्यासाठी वेगळी तयारी ठेव, कारण ते इतर झाडांसारखे टप्प्याटप्प्याने गळत नाही. पंख्याच्या आकाराची त्याची पाने एकसारखी पिवळी होतात, बरेच दिवस तशीच टिकतात, आणि मग कडाक्याच्या पहिल्या थंडीनंतर पुष्कळदा एकाच दिवसात, कधी कधी काही तासांतच, जवळजवळ सगळी खाली येतात. वारा नसतानाही ती पडत राहतात. म्हणून रात्री गोठणारी थंडी पडेल असा हवामानाचा अंदाज आला, की वरिष्ठांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेव की उद्या यायला थोडा उशीर होईल.

कळावे,
तुझा हितचिंतक