इमारत नवी, तळमजला कुणासाठी? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची २४ सदनिकांची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. विकासकाच्या पहिल्या आराखड्यात अख्खा तळमजला पार्किंगला दिलाय आणि पहिल्या मजल्यावर एक मोठी शोरूम आहे. निम्म्या सभासदांना दुकानंच नकोत. वर्दळ वाढेल, कुणीही आत घुसेल, असं त्यांचं म्हणणं. काय करावं? – एक सभासद, सदाशिव पेठ, पुणे

दुकानं घ्या. मात्र लहान घ्या आणि रस्त्याच्या पातळीवरच घ्या. पहिल्या मजल्यावरच्या शोरूमचा पायी जाणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. त्याला खाली दिसणार गाड्यांच्या डिक्क्या आणि वर जाणारा एक जिना.

लक्ष्मी रस्त्यावर एवढ्या गर्दीतही माणसं हौसेने पायी हिंडतात, कारण चार पावलांवर नवं दार आणि नवी काच समोर येते. यान गेल या डॅनिश वास्तुरचनाकारांनी रस्त्यांच्या अभ्यासातून एक साधं माप दिलं आहे: शंभर मीटरमध्ये १५ ते २० दारं असतील तर तो रस्ता चालणाऱ्याला धरून ठेवतो. ते माप तुमच्या प्लॉटला लावून पाहा. रस्त्याकडची बाजू २० मीटर धरली, तर सहा मीटर गाड्यांच्या फाटकाला आणि तीन मीटर रहिवाशांच्या प्रवेशाला जातील. उरलेल्या ११ मीटरमध्ये भिंती धरून साधारण साडेतीन मीटरचे तीन गाळे बसतात. रहिवाशांचं दार धरून चार दारं झाली, म्हणजे शंभर मीटरला वीस. तुमच्यापुरता रस्ता राखला गेला.

गाळ्याची खोली सात मीटरच्या आसपास ठेवा. त्यापेक्षा फार खोल आणि अरुंद गाळा म्हणजे बोगदा; मागचा अर्धा भाग गोदाम होतो आणि भाडेकरू त्या जागेचं भाडं द्यायला कां कूं करतो. एखादा गाळा लहान निघाला तरी चालेल, पण १० चौरस मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. औषधविक्रीच्या परवान्याला किमान तेवढी जागा लागते, आणि सोसायटीखाली सगळ्यात उपयोगी पडणारं दुकान बहुतेक मेडिकलचंच असतं.

पार्किंग किती जातं, तेही बघू. तीन गाळ्यांना मिळून सुमारे ७७ चौरस मीटर लागतील. फिरायची वाट धरली तर एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर जातात, म्हणजे हा तीनेक गाड्यांचा प्रश्न आहे. गाळ्यांच्या मागे दुमजली यांत्रिक पार्किंग बसवलं की तो सुटतो, आणि गाड्या रस्त्यावरून दिसतही नाहीत.

‘कुणीही आत येईल’ ही भीती खोटी नाही. मात्र तिचा उपाय नकाशातच आहे. गाळ्यांना मागच्या बाजूने इमारतीत उघडणारं दार ठेवू नका. दुकानातल्या कामगारांसाठी स्वच्छतागृह गाळ्यांच्या बाजूलाच काढा. हे हमखास विसरलं जातं, मग दुकानातली मुलं पार्किंगमधून ये-जा करतात आणि वॉचमनशी रोजची भांडणं होतात. विजेचे मीटर वेगळे आणि बाहेरून पोहोचता येतील असे ठेवा. रहिवाशांचं दार दुकानांच्या मागे नको, दुकानांच्या ओळीतच हवं. रात्री साडेनऊला क्लासवरून येणाऱ्या मुलीला मेडिकलचा आणि डेअरीचा उजेड दारापर्यंत सोबत करतो. अंधाऱ्या पार्किंगमधून जाताना तसं कुणी नसतं.

दोन गोष्टी आत्ताच पक्क्या करा. पहिली, खांब. पार्किंगच्या सोयीने खांब आखले की ऐन शटरच्या मध्यभागी दोन फुटी खांब येतो. ते गाळ्यांच्या मधल्या भिंतींत बसवायला सांगा. दुसरी, दुकानांचं प्रमाण. निवासी प्रकल्पात व्यापारी चटई क्षेत्र एकूण चटई क्षेत्राच्या १५ टक्क्यांच्या आत राहिलं, तर बांधकाम चालू असताना विकलेल्या गाळ्यावर जीएसटी ५ टक्के लागतो. त्यापुढे गेलं की दर चढतो आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं. तुमच्या तीन गाळ्यांनी ती मर्यादा ओलांडायचं कारण नाही.

करारनाम्यात नुसतं ‘तळमजल्यावर दुकाने’ लिहून भागत नाही. गाळ्याची रुंदी, जमिनीची पातळी आणि दारांच्या जागा दाखवणारा नकाशा करारनाम्याला जोडा.

प्रश्न : आमच्या नव्या इमारतीत दुकानांना चार-चार पायऱ्या आहेत. म्हातारी माणसं चढत नाहीत. दुकानदारांनी फुटपाथवर लोखंडी उतार टाकले होते, ते पालिकेने उचलून नेले. विकासक म्हणतो, पाणी तुंबतं म्हणून जोतं उंच ठेवलं. – दादर, मुंबई

विकासकाचं कारण खरं आहे, उपाय मात्र चुकला आहे. घरांसाठीचं जोतं आणि दुकानाची जमीन एकाच पातळीवर असायची गरज नसते. लिफ्टची लॉबी, मीटर खोली, पंप खुशाल उंचावर ठेवा. दुकानाची जमीन फुटपाथपेक्षा १५० मिलिमीटर, म्हणजे वीतभराहूनही कमी, एवढीच वर पुरते.

याच्यामागे उताराचं गणित आहे. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सुखरूप चढायला १:१२ चा उतार लागतो. जोतं ४५० मिलिमीटर असेल तर उतार ५.४ मीटर लांब होतो. दुकानासमोर तेवढी जागा मिळणार कुठून? तो मग फुटपाथवर येतो आणि अतिक्रमण ठरतो. १५० मिलिमीटरला १.८ मीटर पुरतात, आणि ते समोरच्या मोकळ्या जागेत बसतात.

हिंदमाता परिसरासारखं जिथे पावसाळ्यात पाणी भरतं तिथे पूर्ण गाळा खाली ठेवणं धोक्याचं. अशा ठिकाणी दुकानाचा पुढचा दीड-दोन मीटरचा पट्टा खाली ठेवून तिथे फरशी आणि काउंटर घ्यायचा, मागचा भाग दोन पायऱ्या वर घेऊन माल तिथे ठेवायचा. गिऱ्हाइकाला चढावं लागत नाही आणि पाणी आलं तरी माल वाचतो. शटरच्या दोन्ही बाजूंना खाचा ठेवून पावसाळ्यात अडीच फुटी पत्रा सरकवता येतो. खाचेला रबरी पट्टी नसेल तर पाणी फटीतून आत येतंच. उंबऱ्याबाहेर जाळीची पन्हळ हवी. जाळी उचलता येईल अशीच घ्या, सिमेंटमध्ये पक्की केली की दुसऱ्या पावसाळ्यात ती गाळाने भरलेली असते.

तुमच्या इमारतीत जोतं आता कमी करता येणार नाही. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा: प्रत्येक दुकानाच्या वेगळ्या पायऱ्या काढून टाका, समोरच्या मोकळ्या जागेत इमारतीला समांतर एक सामायिक ओटा करा, आणि त्याला एका टोकाला उतार, दुसऱ्या टोकाला पायऱ्या द्या. उताराच्या कडेला कठडा हवा. समोरची जागा अग्निशमनाच्या गाडीसाठी राखीव असेल तर मंजुरीशिवाय तिथे हात लावू नका.

आणखी एक. रस्त्यावर थरावर थर चढत गेले की आज बरोबर असलेली पातळी काही वर्षांत खाली जाते. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा, अशी लेखी मागणी प्रभाग कार्यालयाकडे काम सुरू होण्यापूर्वीच करा. नंतर कुणी दाद देत नाही.

प्रश्न : आमच्या खालच्या गाळ्यात वरच्या सदनिकांच्या संडासाचे पाइप छतातून जातात. गळती आमच्या कापडावर होते. शेजारच्या गाळ्यात आता हॉटेल येतंय, त्याचा धूर वर जाणार म्हणून वरचे लोक चिडलेत. – नाशिक

दोन्हींचं मूळ एकच: वरचा नकाशा आधी ठरतो आणि दुकानं उरलेल्या जागेत कोंबली जातात. वरचा शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी, खाली नेमका गाळ्याच्या मध्यावर येतो, म्हणून पाइप आडवे वळवतात. आडवा पाइप तुंबतो आणि जोडावर गळतो.

आता करण्यासारखं: गाळ्याच्या छतातले आडवे जोड शक्य तितके कमी करून घ्या, पाइपला पुरेसा उतार आहे का ते प्लंबरकडून मोजून घ्या, आणि साफसफाईचं झाकण गाळ्याबाहेर, मार्गिकेच्या छतात काढा. जोडाखाली पत्र्याचं तबक लटकवणं हा तात्पुरता उपाय आहे; तबकाचं पाणी बाहेर काढणारी नळी नसेल तर तबकच एक दिवस मालावर ओसंडतं.

हॉटेलबाबत सोसायटीने ठाम राहावं. धुराची नळी गच्चीच्या कठड्यापेक्षा निदान दोन मीटर वर सोडलेली असल्याशिवाय तळणीचं काम या गाळ्यात होऊ नये. खिडकीच्या पातळीवर भिंतीतून काढलेला पंखा वरच्या तीन मजल्यांचे पडदे तेलकट करतो. मोरीच्या पाण्याला तेल अडवणारी टाकी हवी आणि तिची साफसफाई कुणी, कधी करायची हे लेखी हवं. नळीला इमारतीत जागाच नसेल तर तो गाळा हॉटेलचा नाही. तिथे किराणा, लाँड्री, दवाखाना चालेल. नवं बांधकाम करणाऱ्यांनी निदान एका गाळ्यामागे गच्चीपर्यंत जाणारा मोकळा शाफ्ट ठेवावा.

प्रश्न : माझं दुकान तळमजल्यावर आहे, लिफ्ट मी कधीच वापरत नाही. तरी लिफ्टचा खर्च घेतात. शिवाय सेवा शुल्क घरांच्या दुप्पट लावलंय. – डोंबिवली

लिफ्टचा खर्च द्यावा लागेल. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, लिफ्ट असलेल्या इमारतीतले सगळे सभासद तो समान भरतात, वापर असो वा नसो. दुप्पट सेवा शुल्काला मात्र त्यात आधार नाही. सेवा शुल्क सर्वांना सारखंच. मालमत्ता कर पालिकेच्या आकारणीप्रमाणे आणि पाणी नळांच्या आकार-संख्येप्रमाणे येतं, त्यात दुकानाचा आकडा वेगळा निघू शकतो. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मागा आणि सचिवांना लेखी पत्र द्या.

प्रश्न : आमच्या टॉवरखाली चार मजली पोडियम पार्किंग आहे. रस्त्याकडे ऐंशी मीटर लांब कोरी भिंत. संध्याकाळी तिथून चालायला बायका घाबरतात. आता काही करता येईल का? – परळ, मुंबई

सुरुवात फाटकांपासून करा, कारण त्याला फारसा खर्च नाही. अशा टॉवरना बहुधा आत जायचं, बाहेर पडायचं, पाहुण्यांचं, मालाचं अशी वेगवेगळी फाटकं असतात. ती दोनवर आणा. फाटकापाशी फुटपाथ खाली उतरवू नका. फुटपाथ त्याच उंचीवर सरळ जाऊ द्या आणि गाडीला छोटा उतार चढून यायला लावा. गाडीचा वेग आपोआप कमी होतो आणि चालणाऱ्याचा पाय मुरगळत नाही. चढ रस्त्याकडच्या कडेत बसवायचा. चालण्याच्या पट्ट्यात आडवा उतार आला की पावसात तिथेच माणसं घसरतात.

कुंपणाची भिंत कंबरेइतकी ठेवून वर जाळी केली तर आतला उजेड बाहेर येतो. दिवे चालणाऱ्याच्या डोक्यावर, तीन-चार मीटर उंचीवर हवेत; रस्त्याचे उंच दिवे झाडांच्या वर राहतात आणि फुटपाथ काळोखातच असतो.

पोडियमच्या तळमजल्यावरच्या रस्त्यालगतच्या एका ओळीत गाड्यांऐवजी तीन-साडेतीन मीटर खोल गाळे काढणं हा खरा उपाय. त्याला सुधारित मंजुरी, चटई निर्देशांकाचा (एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं याचा) हिशेब आणि अग्निशमन विभागाचं ना-हरकत लागतं, गेलेल्या पार्किंगची भरपाईही दाखवावी लागते. वेळखाऊ काम आहे. तरी ऐंशी मीटरपैकी बसथांब्याजवळचे पंधरा मीटर जरी उघडले तरी फरक पडेल. सुरुवात तिथूनच करा.

प्रश्न : नव्या दुकानांसमोरच्या फुटपाथवर दुचाकी आणि भाजीवाले. सोसायटी म्हणते सगळे हटवा. खांब लावले तरी स्कूटर मधून जातात. – कोथरूड, पुणे

दोन्ही एका मापात तोलू नका.

खांबांमध्ये चाकाची खुर्ची जायला साधारण मीटरभर अंतर ठेवावंच लागतं, आणि तेवढ्यातून स्कूटर सहज जाते. खांब मोटारी अडवतात, दुचाकी नाही. दुचाकीला दुसरी जागा द्यावी लागते. रस्त्यालगतच्या एका मोटारीच्या जागेत, म्हणजे अडीच बाय पाच मीटरमध्ये, सहा दुचाकी उभ्या राहतात. दुकानांच्या ओळीसमोर अशा दोन जागा आखून द्या, असा अर्ज पालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे करा. आखणी झाल्यावरही फुटपाथवर लावलेल्या गाड्या उचलल्या गेल्या तरच सवय मोडते.

भाजीवाल्यांना सरसकट हटवता येत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्री समिती ठरवली आहे आणि तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांहून कमी नसावेत असं म्हटलं आहे. जागा तिच्या शिफारशीने ठरते. सोसायटीने मागायची गोष्ट एकच: चालण्याचा मोकळा पट्टा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेप्रमाणे तो किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत मोकळा हवा. छत्र्या आणि ताडपत्रीच्या दोऱ्या धरून, म्हणून उंचीही मोजा.

तुमच्या दुकानांसमोर सोसायटीची तीन मीटर मोकळी जागा असेल आणि दोन मीटर फुटपाथ असेल, तर मधलं कुंपण काढून सगळं एका पातळीवर आणा. हद्द दाखवायला फरशीत पितळी पट्टी बसवा, मालकी कुठेही जात नाही. या पाच मीटरमध्ये दुकानाला चिकटून एक मीटर काच बघत थांबणाऱ्यांना, मग अडीच मीटर चालायला, आणि रस्त्याकडचा दीड मीटर झाडं, दिव्याचे खांब आणि भाजीच्या हातगाडीला. हातगाडीचं तोंड चालणाऱ्याकडे हवं. रस्त्याकडे असलं तर गिऱ्हाईक गाडीवरून न उतरता भाजी घेतं आणि मागे वाहतूक तुंबते. एवढं केल्यावर दुकानदारांनाही तोच नियम लावा: फळ्या, पुतळे, पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट पहिल्या मीटरच्या आतच. ती रेघ फरशीतच वेगळ्या रंगाने आखली की रोज सांगावं लागत नाही.