पेशीचा 'साचा' की 'ठसा'?

प्रश्न असा आहे: पेशीविज्ञानावरच्या मराठी लेखात, पेशी वाढवण्यासाठी नक्षी उमटवलेल्या पृष्ठभागाला 'साचा' म्हणावं का? 'साच्यामुळे पेशीला आकार मिळतो' हे वाक्य चालेल का?

माझ्या मते नाही. साच्यात दाबलेली मोदकाची उकड स्वतःहून काही करत नाही. इथे मऊ सिलिकॉन रबराच्या शिक्क्यावर फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन लावून ते काचेवर उमटवतात आणि उरलेल्या जागेवर पेशीला पकड मिळू नये असा लेप देतात. भिंती कुठेच नसतात. हा सरळसरळ ठसाच.

शिवाय पेशी ठशाबरहुकूम वागतेच असं नाही. मानुएल तेरी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या ठशांवर पेशी वाढवल्या. साचा असता तर पेशी 'व्ही'सारखी दिसली असती. ती झाली त्रिकोणी! दोन्ही टोकं पकडून तिने मधली मोकळी जागा ओलांडली, आणि नेमक्या त्या अधांतरी कडेला ॲक्टिन-मायोसिनचे (पेशीत ओढ निर्माण करणाऱ्या प्रथिनांचे) दणकट दोर तयार झाले. अशी कड किंचित आत वळलेली असते. पेशीचा पृष्ठताण तिला आत ओढतो, कडेचा स्वतःचा ताण तिला सरळ करू बघतो. कडेच्या ताणाला पृष्ठताणाने भागलं की त्या कमानीची त्रिज्या मिळते. उलरिश श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की पकडीच्या दोन जागांमधलं अंतर वाढलं की ही त्रिज्याही वाढते, कारण कडेचे दोर लवचीक असतात.

म्हणून 'पेशी ताणली जाते' हा कर्मणी प्रयोगही मला खटकतो. बाहेरून तिला कुणी ओढत नसतं. 'पेशी ठशावर पसरते आणि स्वतःला ताणून धरते' असं लिहावं. 'आकार मिळतो'पेक्षा 'आकार धरते' बरं; त्यात पकडही आली. आणि ही पकड, हे पसरणं तिच्या जिवाशी निगडित आहे. चेन, इंगबर आदींच्या १९९७ च्या प्रयोगात केशवाहिन्यांच्या पेशी छोट्या ठशावर आक्रसून मरत. तेवढंच चिकट क्षेत्रफळ बारीक ठिपक्यांत वाटून दूरदूर ठेवलं, की त्या पसरत आणि जगत.

'साचा' शब्द जेलमध्ये कोरलेल्या खळग्यांसाठी राखून ठेवावा. तिथे पेशीभोवती खरोखरच भिंती असतात.