लस दिलेले सॅमन मासे समुद्रात गेल्यावर का मरतात?

तुमचा प्रश्न असा: चिलीतल्या सॅमनशेतीत पिसिरिकेट्सिया जिवाणूची लस टोचूनच मासे समुद्रातल्या पिंजऱ्यांत सोडतात, तरी ते त्याच रोगाने मरतात. मग दोष लशीचा की अंगावरच्या सागरी उवांचा?

दोन्हींचा, पण उवांचा वाटा लोक फार कमी धरतात. मी माशांच्या प्रतिकारशक्तीवरच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2017 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये चिलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. एकटा जिवाणू असताना लशीने अटलांटिक सॅमन वाचवले. सोबत कॅलिगस रॉजरक्रेसेई ही तिकडची ऊ आली आणि लशीचं संरक्षण जवळजवळ पुसलं गेलं.

यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ऊ कातडी कुरतडते, जखमेतून जिवाणू आत जातो. खोटं नाही, पण पिसिरिकेट्सियाला जखमेची गरजच नसते. धडधाकट कातडीतून आणि कल्ल्यांतूनही तो शिरतो. खरा घोळ आत आहे.

हा जिवाणू माशाच्या भक्षक पेशींत, म्हणजे मॅक्रोफेजमध्ये राहतो आणि तिथेच वाढतो. जिने त्याला गिळून संपवायचं, तिच्यातच त्याचा मुक्काम. त्यामुळे रक्तात नुसती प्रतिपिंडं असून भागत नाही, टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशींनी, त्या भक्षक पेशींना चेतवावं लागतं. उवेचं प्रकरण वेगळं. तिची अळी मिलिमीटरभरही नसते; कातडीला एका धाग्याने स्वतःला बांधून घेते आणि श्लेष्मा, कातडी खात वाढते. तिला हुसकवायला त्याच जागी जोरदार दाह हवा. कोहो सॅमन या दुसऱ्या जातीत तो होतो: धाग्याभोवतीची कातडी सुजते, पेशींचा थर जाड होतो आणि बऱ्याच उवा गळून पडतात. अटलांटिक सॅमनमध्ये मात्र तिथे जेमतेम लाली दिसते. म्हणजे ऊ तर जात नाही, आणि दोन वेगळ्या तऱ्हेच्या शत्रूंशी एकाच वेळी लढण्यात माशाची ताकद खर्ची पडते.

लोहाचा मुद्दा मला सगळ्यात रंजक वाटतो. संसर्ग झाला की मासा हेप्सिडिन हे लोहावर ताबा ठेवणारं संप्रेरक वाढवून लोह पेशींच्या आत कोंडून ठेवतो, बाहेरच्या आगंतुकाला ते मिळू नये म्हणून. डाव चांगला आहे, फक्त पिसिरिकेट्सिया पेशीच्या आतच बसलेला असतो! कोंडलेलं लोह त्याच्या पथ्यावर पडत असावं, असा तर्क त्यातून निघतो.

त्यात ताण. उवांचा त्रास आणि उवा काढण्यासाठीची हाताळणी, दोन्हींनी कोर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि प्रतिकारशक्ती दबते. पाणी थंड असेल तर लशीचा प्रतिसाद तयार व्हायलाही आठवडे लागतात. मग उरतं ते प्रतिजैविक. चिलीतल्या सॅमनशेतीत त्यांचा सर्वाधिक वापर याच रोगापायी होतो, मुख्यतः फ्लोरफेनिकॉलचा.

नॉर्वेत लशींमुळे प्रतिजैविकं जवळपास बंद झाली, मग चिलीत का नाही, असं नेहमी विचारलं जातं. तुलना फसवी आहे. नॉर्वेत लशींनी आवरलेले फुरुंक्युलोसिससारखे जिवाणूरोग मुख्यतः पेशीबाहेरचे, तिथे प्रतिपिंडं पुरतात.

त्यामुळे कुणी लशीची आकडेवारी दाखवली तर मी आधी चाचणी कशी केली ते बघतो. टाकीतल्या स्वच्छ माशांच्या पोटात एकटा जिवाणू टोचून काढलेला आकडा असेल, तर उवांनी भरलेल्या पिंजऱ्यासाठी मी तो धरत नाही.