गुणोत्तर-प्रमाण समजत नसेल तर सूत्र पाठ करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, गुणोत्तर आणि एकमान पद्धत (आधी एकाचं काढायचं, मग हव्या तितक्यांचं) डोक्यात शिरत नाही, परीक्षा पंधरा दिवसांवर आली, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘तिरकस गुणाकार पाठ करून घ्या, समजायचं ते मागाहून समजेल.’ तिरकस गुणाकार म्हणजे दोन गुणोत्तरं अपूर्णांकांसारखी शेजारी मांडून तिरक्या रेघेवरचे आकडे गुणायचे. हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. आमच्या घरात हे वाक्य दादाचं आहे.

दादा गणितात पैकीच्या पैकी, मी काठावर पास. खोली रंगवायची ठरली तेव्हा निळा आणि पांढरा मिसळून छटा काढायचं काम साहजिकच त्याच्याकडे गेलं आणि बादली ढवळायचं माझ्याकडे. बरेच नमुने करून ३ मग निळ्याला ५ मग पांढरा असं ठरलं. त्या आठ मगांत तीन भिंती झाल्या, चौथीचा दाराकडचा पाव भाग झाला आणि बादलीने तळ गाठला. आणखी दोनेक मग लागणार होते. दादाने एक मग निळा ओतला, एक मग पांढरा ओतला.

मी म्हटलं, “अरे, गडद होईल.”

“दोन्हीत सारखीच भर घातलीय. प्रमाण बिघडेल कसं?”

मला उत्तर सुचलं नाही. काहीतरी चुकतंय एवढं हाताला कळत होतं, पण पैकीच्या पैकी मार्कांपुढे हाताचं कोण ऐकतो? ओल्या रंगात फरक लपून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दारापासून हातभर अंतरावर, छतापासून जमिनीपर्यंत, उभी रेघ. डावीकडे आकाश, उजवीकडे शाईची दौत. दादा म्हणाला, डब्यातच दोष असणार. त्याच दुपारी आम्ही कपाट ओढून त्या रेघेवर आणलं. ते आजही तिथेच आहे.

उत्तर मला पुढे कितीतरी दिवसांनी सुचलं. ५ मग पांढऱ्याला ३ मग निळा, म्हणजे एका पांढऱ्याला ०.६ मग निळा, अर्ध्याहून जरासा जास्त. दादाने एका पांढऱ्याला अख्खा एक ओतला. दोन मग रंग हवा होता तर पाऊण मग निळा आणि सव्वा मग पांढरा घ्यायला हवा होता. बादली रिकामी नसती, सगळाच्या सगळा रंग तिच्यात असता, तरी एकेक मग वाढवून ४ ला ६ झालं असतं, म्हणजे ०.६७. छटा थोडी का होईना, हललीच असती.

तुमच्या मुलीचंही घोडं बहुधा इथेच अडलं असणार. ३ आणि ५ मध्ये दोनचा फरक, ४ आणि ६ मध्येही दोनचाच, म्हणून मुलांना दोन्ही जोड्या सारख्याच वाटतात. चार वर्षं बेरीज-वजाबाकी घोटलेली असते, त्यांचा काय दोष? गुणोत्तर या शब्दातच गुणणं आहे, पण ते कोणी मोठ्याने म्हणत नाही. आणि तिरकस गुणाकार पाठ केल्याने हा गैरसमज जात नाही, झाकला जातो. दादाला त्रैराशिक, म्हणजे तीन आकड्यांवरून चौथा काढायचं गणित, झोपेतून उठवलं तरी येत होतं. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास श्लोकात बांधलेला नियम तो मला अजून ऐकवतो: फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. म्हणजे ५ पांढऱ्याला (प्रमाण) ३ निळा (फल), तर हव्या तितक्या पांढऱ्याला (इच्छा) किती निळा? नियम बरोबरच आहे. पण बादलीपुढे उभं राहिल्यावर हे त्रैराशिकाचं गणित आहे हेच त्याला ओळखू आलं नाही, त्याचं काय?

म्हणून माझं मत: आधी ‘एकाला किती’ हे विचारायची सवय लावा, सूत्र नंतर. आणि नुसतं ०.६ लिहून चालणार नाही, कशाला कशाचे ते लिहायलाच हवं. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ इंधन संपून ४१,००० फुटांवर असताना बंद पडायला लागलं, ते याच आळसापायी. इंधनमापक नादुरुस्त होता म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं: ७,६८२ लिटर. वजन किलोत हवं होतं, आणि लिटरला १.७७ हा आकडा वापरला. तो होता पौंडांचा. किलोचा साधारण ०.८. लागणार होतं २२,३०० किलो. सुमारे २०,००० लिटर भरायला हवं होतं, भरलं ४,९१७. गुणाकार-भागाकार सगळे अचूक होते बरं का! वैमानिकांनी बंद इंजिनांनिशी विमान तरंगत आणून कॅनडातल्या गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. आमची तर नुसती भिंत होती.

आता पंधरा दिवसांचं. तिला दोन पेले, रंगीत पाणी आणि साधं पाणी द्या, ३ पेले रंगीतला ५ पेले साधं असं करायला लावा, मग ‘यातलंच निम्मं कर’, ‘अडीचपट कर’ म्हणा. प्रत्येक वेळी एका पेल्याला किती ते बोलायला लावा. परीक्षेत वेळ कमी असतो, तेव्हा शेवटच्या चार दिवसांत तिरकस गुणाकारही करून घ्या, मी त्याच्या विरोधात नाही. (दादा म्हणेल, आहेस.)

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: एकाला किती हे सगळीकडे चालत नाही. पाच कपडे दोन तासांत वाळतात म्हणून दहा कपड्यांना चार तास लागत नाहीत. वयांचं गुणोत्तर दरवर्षी बदलतं. माणसं वाढली की दिवस कमी होतात, तिथे उलटं. ही उदाहरणं मुद्दाम मध्ये पेरा, नाहीतर तीही दिसेल त्याला भागत सुटेल.

पुतण्या यंदा सहावीतच आहे. दादा त्याला तिरकस रेघा मारायला शिकवतोय. गेल्या रविवारी दादा बाहेर गेला होता, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून कपाट वीतभर सरकवलं.