कीपरला आधी हलू दे

सोलापूर, रविवार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी हँडबॉलची मॅच पाहिली. गोलवर बारा वेळा मारलंस, चार आत गेले. निघताना म्हणालीस, "सर, हातात जोर कमी पडतोय." जोर भरपूर आहे. तू घाई करतेस.

मी सगळी वर्षं कीपर म्हणून खेळलो, तेव्हा हे सगळं गोलच्या आतून दिसलेलं आहे असं समज. सरावात रोज माझ्यासमोर यायचा तो आमच्या विभागाच्या विजेत्या संघातला, तुझ्यासारखाच डावखुरा. मुळात खो-खोचा पोरगा. शाळेच्या हँडबॉल संघात एक जण कमी पडला म्हणून 15व्या वर्षी त्याला अक्षरशः ओढून आणला. पुढं जिल्हा, विभाग, राज्य, मग खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून नोकरी. प्रमाणपत्रं तेवढी त्याच्यासारखी जपून ठेव, बाकी कारकिर्दीत सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखा होता त्याचा खेळ.

तो उजव्या बाजूनं खेळायचा. तिथून उजव्या हातानं मारणाऱ्याचा हात बाहेरच्या रेषेकडं राहतो, त्याला गोल चिंचोळा दिसतो. डावखुऱ्याचा हात मैदानाच्या मध्याकडं येतो आणि तोच गोल उघडतो. हे तुला जन्मतः मिळालंय, म्हणून कोपऱ्यात जाऊन उभी राहू नकोस. खो-खोत बसलेल्यांच्या मधून साखळी पळणाऱ्याला दोन माणसांमधली फट आपोआप दिसते. हा खांद्यानं बाहेरची हूल द्यायचा आणि बचावाची भिंत आतून कापायचा. पास नेहमी हवेत झेलायचा, कारण झेलल्यावर टेकलेला पहिला पाय पंच मोजत नाहीत. चेंडू हातात धरून टाकायची तीन पावलं त्यानंतर सुरू होतात. तू उभ्यानं पास घेतेस आणि ते एक पाऊल फुकट घालवतेस.

आता उडीचं. गोलसमोरच्या 6 मीटरच्या रेषेआत पाय टेकायच्या आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, एवढीच अट. मधला सगळा वेळ तुझा. गोल 3 मीटर रुंद, 2 मीटर उंच. तो झाकायला कीपर पुढं येतो, हातपाय पसरतो. त्याला कधीतरी हलावंच लागतं. तू उडी घेतल्या घेतल्या मारतेस, तेव्हा समोरची कीपर अजून दोन्ही पायांवर तोल धरून असते. तो डावखुरा मात्र वर जाऊन हात मागं तसाच ठेवायचा. मी वाट बघायचो, तोही बघायचा. शेवटी माझा गुडघा उचलला जायचा, की चेंडू त्याच पायाखालून टप्पा घेऊन आत! रोज ठरवायचो, आज हलायचं नाही. रोज हलायचो.

त्याचं सगळंच उचलू नकोस. बचावात त्याला दम धरवत नव्हता. एका फायनलला मागून दंड धरून ओढलं, दोन मिनिटं बाहेर. परत तेच. तिसऱ्यांदा लाल कार्ड, मग बाकावरही बसू देत नाहीत. आमचा सर्वांत चांगला खेळाडू उरलेला सामना प्रेक्षकांत उभा राहून "अडव की बे!" म्हणून ओरडत होता.

चेंडू तळव्यात दाबू नकोस, बोटांच्या पेरांनी धर. कमरेला कोरडा रुमाल ठेव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानंच निम्मे पास निसटतात.

बुधवारी पहाटे साडेपाचला मैदानावर ये, सातनंतर जमीन तव्यासारखी होते. गोलमध्ये मी उभा राहतो. माझे गुडघे आता फार उशिरा उचलले जातात, त्यामुळे तुला हवेत जरा जास्तच थांबावं लागेल.

तुझे,
सर