पाठीशी बाभळी असताना फ्लाय कशी फेकायची?

प्रश्न: दारणा नदीच्या काठावर उभं राहिलं की पाठीमागे लगेच बाभळी. माझ्याकडे फ्लाय (पिसं-धाग्यांचा किडा बांधलेला गळ) फेकायची नऊ फुटी, सहा नंबरची रॉड आहे. मागे नेलेली दोरी सारखी काट्यांत अडकते. स्पे कास्टिंग शिकायचं तर दोन हातांची रॉड घ्यावीच लागेल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर: नाही. स्पे ही फेकण्याची रीत आहे, एका हाताच्या रॉडनेही ती जमते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या स्पे नदीवर ती रुजली. अडचण तीच होती, मागे झाडी आणि उंच काठ. सॅल्मनसाठी तिथे लांब रॉड वापरत, म्हणून दोन हातांची रॉड तिच्याशी जोडली गेली.

डोक्यावरून फेकताना अख्खी दोरी मागे हवेत सरळ व्हावी लागते. स्पेमध्ये लीडर (दोरी आणि फ्लायच्या मधला बारीक धागा) आणि दोरीचं टोक समोरच्या पाण्यावर टेकलेलं राहतं, त्याला अँकर म्हणतात. मधली दोरी तुमच्या मागे इंग्रजी डीसारखी फुगते. त्यामुळे रॉडच्या लांबीएवढी, फार तर त्याहून थोडी जास्त जागा मागे पुरते.

तुमच्या रॉडने तीस-चाळीस फूट सहज जाईल. दोरी मात्र एक नंबर जड घेऊन पाहा. सहा नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट 160 ग्रेन, म्हणजे सुमारे 10.4 ग्रॅम भरतात. सात नंबरचे 185 ग्रेन. स्पेमध्ये दोरीचा काही भाग पाण्यात असतो, रॉडवर कमी वजन येतं, ते यातून भरून निघतं. पुढे कधी दोन हातांची सात नंबरची रॉड घेतलीत, तर हीच दोरी तिला लावू नका. नंबर सारखा दिसला तरी तिला दुप्पट-अडीचपट वजनाची दोरी लागते.

प्रश्न: दोन हातांच्या रॉडने डबल स्पे (दोरी आधी प्रवाहाच्या वर, मग खाली फिरवून केलेली स्पे फेक) करताना डी नीट होतो असं वाटतं, पण पुढे फेकलं की दोरीचा समोरच ढीग पडतो. कधी चाबकासारखा कडाका होऊन फ्लाय तुटते. काय चुकतंय? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि त्यांची कारणं एकमेकांच्या उलट आहेत. कडाका होतो तेव्हा अँकर पाण्यातून सुटलेला असतो. ढीग पडतो तेव्हा बहुधा दोरी पाण्याला जास्त चिकटलेली असते, नाहीतर अँकरचं तोंड भलतीकडे असतं.

उजव्या काठावर (प्रवाहाच्या दिशेने पाहिलं तर उजवा), उजवा हात वर धरून क्रम असा. दोरी प्रवाहाच्या खालच्या अंगाला, तुमच्या उजवीकडे, ताणून लोंबू द्या. रॉडचं टोक पाण्यालगत आणून ढिली दोरी गुंडाळून घ्या. मग रॉड सावकाश उचला आणि दोरी डावीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, समोरच्या पाण्यावर अलगद ठेवा. ही हालचाल पूर्ण झाली की फ्लाय तुमच्यापासून साधारण एक रॉडभर खाली, उजवीकडेच असायला हवी. ती तुमच्या समोरून वर निघून गेली, तर पुढच्या फेकीत दोरी दोरीवर आदळणार. तसं झालं तर तिथेच थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

आता रॉड उजवीकडे फिरवा. टोक किंचित चढत्या रेषेत जायला हवं. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते: टोक मध्येच खाली झुकतं, दोरी पाण्यावर पडते, पाणी तिला धरून ठेवतं आणि ढीग पडतो. दोरी पाण्यावरून सोलून निघताना पांढऱ्या तुषारांची रेघ उठते. ती रेघ मागे पळत असेल तर वेग बरोबर. रेघ उठलीच नाही तर हात मंद आहे, आणि लीडरच उडून आला तर घाई झाली.

डी तयार झाला की रेंगाळू नका. वरचा हात कानाच्या उंचीवर, खालचा छातीपासून थोडा पुढे. आता खालचा हात छातीकडे ओढा, वरच्या हाताने फक्त दिशा द्या, आणि टोक उंच असतानाच ठाम थांबा. वरच्या हाताने ढकललं की उलगडत्या दोरीचा फास रुंद होतो आणि दोरीची ताकद हवेतच संपते. अँकर ज्या दिशेला पडलाय, फेक त्याच दिशेला जाऊ द्या. त्यात काटकोन झाला, तर कितीही जोर लावा, दोरी उलगडणार नाही.

अँकर वारंवार सुटत असेल, तर जोर कमी करण्याआधी लीडर बघा. तरंगत्या दोरीला रॉडच्या लांबीएवढा किंवा दीडपट लीडर हवा. सहा फुटी लीडर पाणी धरत नाही.

प्रश्न: गोदावरीवर वारा असला की फ्लाय अंगावर येते. अशा वेळी कोणती फेक करावी? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: वारा ज्या अंगाला वाहतो, अँकर त्या अंगाला ठेवा, म्हणजे फ्लाय तुमच्यापासून दूर ढकलली जाते. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे पश्चिमेचा वारा प्रवाहाबरोबर जातो, तेव्हा डबल स्पे किंवा स्नेक रोल (हाही स्पेचाच प्रकार). वारा पूर्वेकडून, प्रवाहाच्या उलट असेल, तर सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी हे प्रकार, कारण त्यांचा अँकर वरच्या अंगाला पडतो.

पंचवटी डाव्या काठावर आहे, हे लक्षात घ्या. तिथे नदीकडे तोंड केलं की प्रवाह डावीकडे जातो. म्हणून डबल स्पेसाठी डावा हात वर घ्या किंवा उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून फेका. अवघड वाटतं, पण वाऱ्याच्या दिवशी गळ कानात रुतण्यापेक्षा हे बरं. सरावाला चष्मा घालाच, आणि फ्लायऐवजी लोकरीचा रंगीत झुपका बांधा.

प्रश्न: घराजवळच्या मैदानावर सराव केला तर चालेल? (एक वाचक, सिडको)

उत्तर: डोक्यावरून फेकण्याचा चालेल, स्पेचा नाही. गवत पाण्यासारखं लीडरला धरत नाही, त्यामुळे अँकर सुटत राहतो आणि हाताला चुकीची सवय लागते. घाट आणि देवस्थानाजवळचं पाणी सोडून काठावरची मोकळी जागा शोधा. धरणांतली मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते, म्हणून ठेकेदार संस्थेला आधी विचारा. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, तिथे गळ नेऊच नका. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना पात्रात उतरू नका; पाणी बघता बघता चढतं.

आधी रोल कास्ट (दोरी मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे उलगडायची साधी फेक) 30 फुटांवर दहापैकी आठ वेळा सरळ पडू द्या, मगच डबल स्पेला हात घाला.