पुरावा मागणं म्हणजे वितंडवाद का?

प्रश्न थोडक्यात असा: ‘देव आहे म्हणता ना, मग सिद्ध करा, मला काहीच सिद्ध करायचं नाही’ असं म्हणणाऱ्याला समोरच्याने ‘हा वितंडवाद झाला’ असं सुनावलं. वितंडवाद म्हणजे शब्दांचा कीस पाडणं ना? मग इथे तो शब्द चालतो का?

रोजच्या मराठीपुरतं विचाराल तर नाही. पण शब्दाचं मूळ पाहिलं तर सुनावणारा अगदीच चुकलेला नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शन या तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, वादाच्या (सत्य शोधण्यासाठी केलेल्या चर्चेच्या) पाठोपाठ जल्प आणि वितंडा येतात. जल्प म्हणजे जिंकायचंच म्हणून, प्रसंगी शब्दच्छल करूनही घातलेला वाद. (ट्रोलला मराठीत ‘जल्पक’ म्हणतात, ते मला फार आवडतं.) पुढचंच सूत्र: ‘स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा’. म्हणजे तोच जल्प, फक्त एकाने स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, दुसऱ्याचा तेवढा खोडायचा. ‘मला काहीच सिद्ध करायचं नाही’ हे त्यात चपखल बसतं.

मात्र सूत्रातला ‘स’ विसरू नये. तो जल्पाकडे बोट दाखवतो. छल नसेल, खरंच जाणून घ्यायचं असेल, तर नुसता पुरावा मागितल्याने कोणी वैतंडिक ठरत नाही. आणि पक्ष नसणं ही दरवेळी पळवाट नसते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात ‘नास्ति च मम प्रतिज्ञा’ (सिद्ध करायचं असं माझं विधानच नाही) असं उघडच म्हटलं आहे.

खरी मेख वेगळी आहे. ‘तुमचं म्हणणं पटलं नाही’ ही प्रतिज्ञा नव्हे. ‘देव नाही’ ही आहे, आणि तिला हेतू, म्हणजे सिद्ध करणारं कारण, द्यावाच लागतो. ‘दिसत नाही’ एवढ्यावर नैयायिक (न्यायदर्शन मानणारे) सोडत नाहीत. जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही म्हणता येतं, कारण असता तर दिसला असता. ईश्वराचं तसं नाही, असं त्यांच्यातल्याच उदयनाचार्यांचं ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात म्हणणं. पण ‘नाही हे तुम्हीच दाखवा’ म्हणून ते मोकळे झाले नाहीत. जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, इथपासून पाचव्या स्तबकात (प्रकरणात) त्यांनी आपल्या बाजूची अनुमानं मांडली. पटोत न पटोत, ‘आहे’ म्हणणाऱ्याचं देणं त्यांनी चुकवलं.

तुमच्या प्रसंगात सुनावणाऱ्याने असा एखादा हेतू पुढे ठेवला होता का, ते प्रश्नात आलेलं नाही. ठेवला नसेल, तर तो शब्द मुळीच लागू नाही: वितंडेलाही खोडण्यासाठी समोर मांडलेला पक्ष लागतो.